रेडिओच्या बातमीला बक्षीस का नाही?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. पत्रकारिता पुरस्कारांची बातमी आपल्या अंकात आली की मी ती शेवटच्या नावापर्यंत वाचते. शाळेत निकाल लावून आयुष्य गेलं, ती सवय. यादीत कुठे रेडिओ दिसतो का, ते बघते.

हे खूळ डोक्यात शिरलं ते भाचीमुळे. ती अमेरिकेत एका मध्यम शहरात राहते. तिथल्या सार्वजनिक रेडिओच्या बातमी विभागाला पुरस्कार मिळाले, तर तिने रविवारी फोनवर असं सांगितलं की जणू घरचं पोरगं मेरिटमध्ये आलं! सरकारी रेडिओ आहे का, मी विचारलं. "नाही गं मावशी, आम्ही ऐकणारेच वर्गणी देतो." सरकारकडून जी मदत यायची, तीही २०२५ मध्ये तिथल्या संसदेने काढून घेतली. आता भिस्त वर्गणीवरच.

पुरस्कार एडवर्ड आर. मरो यांच्या नावाचे. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना गच्चीवर उभं राहून रेडिओवर बोलणारा हा बातमीदार. या पुरस्कारांची रीत मला फार आवडली. देशाचे विभाग पाडलेत, रेडिओचा गट टीव्हीपासून वेगळा, आणि लहान केंद्राला मोठ्या शहराच्या केंद्राशी झुंजावं लागत नाही. त्यातलं एक बक्षीस तर निव्वळ आवाजासाठी आहे. बातमीत आवाज कसा वापरला, एवढंच बघायचं.

ते ऐकलं आणि मला आपली मारबत, म्हणजे पीडा घालवायला मिरवणुकीने नेतात ते पुतळे, आठवली. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात, तेव्हा "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ही जी आरोळी उठते, ती छातीत जाणवते. मारबतीचे फोटो तुम्ही दरवर्षी झकास छापता, पण आरोळी कागदावर कशी उतरणार? तेच कळमना बाजारातल्या संत्र्याच्या लिलावाचं. भाव छापून येतो. बोली चढता चढता मध्येच थबकते आणि माल आणलेला शेतकरी गप्प होतो, ती शांतता छापता येत नाही. माईक धरला तर तीही ऐकू येते.

आपल्याकडे आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. आमच्या फ्रिजवरचा रेडिओ सकाळी त्यावरच लागतो आणि कणीक मळता मळता बातम्या होतात. निवेदकांचे उच्चार आजही असे, की मी मुलांना 'ऐका आणि तसं बोला' म्हणायची. पण चांगली बातमी कुणापेक्षा चांगली, हे ठरवायला शेजारी दुसरं कुणी तरी लागतं ना! खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई आहे. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची तेवढी मुभा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पाणी घरांत शिरलं. डागा ले-आऊटमधल्या माझ्या बहिणीने पाटावर पाट ठेवून देव वर उचलले. वीज नाही, मोबाइल मेलेला. हाताशी होता तो सेलवरचा रेडिओ. अशा वेळी खासगी केंद्राला प्रशासनाने दिलेली सूचना वाचता येते. पण पाणी इथवर आलंच कसं, हे विचारायला बातमीदार धाडता येत नाही. खासगी एफएमला दर तासाला १० मिनिटं बातम्यांची मुभा द्या, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्याच महिन्यात, पुराच्या थोडं आधी केली होती.

आता राज्य शासनाच्या पुरस्कारांकडे बघा. नागपूर विभागाचा पुरस्कार नागपूरचे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या नावाने आहे, ते योग्यच. छायाचित्रकारांना आहे, समाजमाध्यमांनाही आहे. टीव्हीच्या वृत्तकथेसाठीचा पुरस्कार पु. ल. देशपांड्यांच्या नावाचा. पु.लं.नी आकाशवाणीत नोकरी केली होती, आणि रेडिओसाठी वेगळा पुरस्कार मात्र त्या यादीत मला सापडला नाही. पु.लं.ना यावर एक फर्मास लेख सुचला असता.

कायदा बदलायचा तेव्हा बदलो. तोवर आपल्या दैनिकाने नागपूरच्या पत्रकार संघटनांना सोबत घेऊन विदर्भापुरतं एक बक्षीस सुरू करावं, ही विनंती. आकाशवाणीचे बातमीदार येतील, पॉडकास्ट करणारी पोरं येतील, पत्रकारितेचे विद्यार्थी येतील. अट एकच ठेवा: पाठवायचं ते ध्वनिमुद्रण, कात्रण नाही. आणि परीक्षकांनी ते ऐकताना फोन बाजूला ठेवावा, हेही नियमांत लिहून टाका बाप्पा.

रकमेसाठी वर्गणी काढणार असाल तर माझे ११०० रुपये धरा. पेन्शन १ तारखेला होते, २ तारखेला कुणाला तरी पाठवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
प्रतापनगर, नागपूर