गच्चीवर कढत पाणी, मोरीत नुसता फुसफुसाट

दिनांक : 19 जानेवारी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय : सोलर हलवताना गरम पाण्याचा पाइप चुकीच्या उंचीवरून नेल्याबद्दल, आणि लाइनमध्ये हवा धरत असताना भलतेच इलाज करून पैसे घेतल्याबद्दल

स. न. वि. वि.

सहकारनगरमधल्या आमच्या दुमजली घरावर तुमच्या कंपनीचा 200 लिटरचा, काचेच्या नळ्यांचा, पाणी तापवायचा सोलर आहे. सहा वर्षांत त्याच्यासाठी तुम्हाला एकदाही फोन करावा लागला नाही. ऑक्टोबरात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं म्हणून तुमच्याच माणसांकडून तो जिन्याच्या खोलीच्या पलीकडे हलवून घेतला. त्याचे 3,500 रुपये दिले, पावती आहे. तेव्हापासून आमची रड सुरू झाली.

खालच्या मोरीतला गरम पाण्याचा नळ सोडला की आधी फुस्स आवाज येतो, मग दोन-चार पिचकाऱ्या, मग करंगळीएवढी धार, आणि बादलीचा तळ झाकायच्या आत तीही बंद. शेजारचा गार पाण्याचा नळ मात्र धो धो वाहतो. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत, पहाटे साडेपाचला त्यांची आंघोळ असते. ऐन डिसेंबरात मी त्यांच्यासाठी गॅसवर पातेली चढवत होते. "आमच्या बंबाला असली थेरं नव्हती," हे रोज ऐकायला मिळतं, आणि सध्या तरी माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

नोव्हेंबरात तुमचा दुरुस्तीचा मुलगा आला. नळाखाली हात धरून त्याने दोन मिनिटांत निदान केलं की नळ्यांमध्ये क्षार साठलेत. अ‍ॅसिडने सफाई, 1,800 रुपये. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. डिसेंबरात दुसरा आला, त्याने दोन नळ्या "वीक" झाल्यात म्हणून बदलल्या, 1,400 रुपये. नंतर ऑफिसमधून फोन आला की तुमच्याकडे प्रेशर कमी आहे, 11,500 रुपयांचा पंप बसवा. तिन्ही वेळा कुणीही गच्चीवरचा पाइप टोकापासून टोकापर्यंत पाहिला नाही.

शेवटी मीच पाहिला. सोलरच्या टाकीला तळाशी जो ड्रेनचा व्हॉल्व्ह आहे, तो सकाळी सात वाजता सोडला. पाणी इतकं कढत की हात धरवेना. म्हणजे नळ्या व्यवस्थित तापत होत्या, आणि आम्हाला तर खडकवासला धरणाचं पाणी येतं, क्षार साठायला ते बोअरचं नाही. पाणी तापतंय पण खाली उतरत नाही, एवढं मला त्या वाफेतच कळलं. हे तुमच्या माणसाला पाच मिनिटांत कळायला हवं होतं.

दुसरी गोष्ट कॅलेंडरवर खुणा केल्यावर लक्षात आली. दुखणं बहुतेक शुक्रवारी उपटायचं. पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको : दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात ते बहुतेक गुरुवारी, मग शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. त्या दिवशी आमची वरची गार पाण्याची टाकी बरीच उतरते. टाकी काठोकाठ असली की गरम पाण्याची निदान धार तरी येते, उतरली की नुसती हवा. नळ्यांत क्षार असते तर त्यांना वार कसा कळला असता?

मग आमच्या गल्लीतले प्लंबरकाका आले आणि त्यांनी आधी टेप काढली. पूर्वी गरम पाण्याचा पाइप सोलरपासून निघून कठड्याच्या कडेने उतरत थेट खाली जायचा, मध्ये कुठेही चढ नव्हता. आता सोलर दाराच्या पलीकडे गेल्यामुळे तुमच्या माणसांनी पाइप गच्चीच्या दारावरून कमानीसारखा नेलाय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला लागू नये म्हणून. हेतू चांगला होता. पण ही कमान गच्चीच्या फरशीपासून साडेसात फुटांवर आहे आणि गार पाण्याच्या टाकीचा तळ साडेसहा फुटांवर. सोलरला दाब मिळतो तो फक्त या टाकीतल्या पाण्याच्या उंचीचा. टाकीत फूटभर पाणी उरलं की पाण्याची पातळी कमानीच्या बरोबरीला येते, आणि त्याखाली गेली की पाणी कमान चढूच शकत नाही. पाइप भरलेला असेपर्यंत ते ओढीने येत राहतं. पण पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते, ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते आणि ओढ तुटते. टाकी पूर्ण भरली तरी कमानीवर दोनच फूट पाणी चढतं, म्हणजे जेमतेम 0.06 बार. एवढ्याशा दाबाने बसलेली हवा हलत नाही, पाणी तिच्या कडेकडेने पाझरतं. करंगळीएवढी धार ती हीच.

काकांनी ती हवा माझ्यादेखत काढली. तळटाकीवरच्या मोटरच्या लाइनला बागेसाठी एक नळ आहे. तिथून हिरवा पाइप मोरीपर्यंत आणला, गरम पाण्याच्या नळाच्या तोंडावर चढवून क्लिपने आवळला, नळ सोडला आणि मोटर चालू केली. पाणी उलटं वर जायला लागलं. मी गच्चीवर उभी होते. आधी कमानीत गुळगुळ, मग सोलरच्या टाकीत ढवळल्यासारखा आवाज, मग व्हेंट पाइपच्या (टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या उभ्या पाइपच्या) तोंडातून फुर्र करून हवा आणि मागून पाण्याचे शिंतोडे. चार मिनिटं लागली. मोटर बंद करून नळ मोकळा केला तर गरम पाण्याची मनगटाएवढी धार. खर्च शून्य, काकांना चहा. तुमच्या अ‍ॅसिडनंतर चार दिवस पाणी का आलं तेही मग कळलं : सफाईनंतर लाइन पुन्हा भरताना थोडी हवा आपोआप निघाली असणार.

पुढच्या पाणीबंदीनंतर हवा पुन्हा धरली, हेही प्रामाणिकपणे सांगते. कमान आहे तोवर ती धरणारच.

म्हणून माझी मागणी अशी. दारावरची कमान काढून पाइप जिन्याच्या खोलीच्या मागून, सलग उतार ठेवून न्यावा. वीस-पंचवीस फूट सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाइप) जास्त लागेल, तो खर्च तुमचा, कारण चूक तुमची. कमानीवर ऑटोमॅटिक एअर व्हॉल्व्ह बसवून वेळ मारून नेऊ नये. टाकी उतरल्यावर त्या जागी पाइप हवा आत ओढतो, व्हॉल्व्ह ती सोडण्याऐवजी आत घेईल. पंप तर नकोच. वीज वाचवायला घेतलेल्या सोलरला विजेची मोटर लावायची, आणि लाइट गेले की पुन्हा पातेली चढवायची? शिवाय सफाई आणि नळ्यांचे मिळून 3,200 रुपये परत हवेत. बदललेल्या दोन्ही नळ्या मी टाकून दिलेल्या नाहीत, जिन्याखाली ठेवल्यात, येऊन तपासा.

बिलांच्या प्रती आणि कमानीचे टेप लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

माणूस पाठवाल तो शुक्रवारी सकाळी पाठवा, म्हणजे फुसफुसाट त्याला स्वतःच्या कानांनी ऐकता येईल. येताना टेप आणायला सांगा. अ‍ॅसिडचा कॅन नको.

कळावे,
आपली एक जुनी ग्राहक