सातांपैकी तीन

वेंगुर्ले,
20 जुलै 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात आमच्याकडे पाऊसही झाला आणि आढावा बैठकही झाली. पावसाने शाळेच्या पडवीची चार कौले उडवली आणि बैठकीत शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालावरून आमची शाळा तांबड्या रकान्यात जाऊन बसली. कौले दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली. रकान्याचे मात्र मनातून जात नाही, म्हणून आज रविवारी सविस्तर लिहायला बसलो आहे.

बैठकीत पडद्यावर जो तक्ता दाखवण्यात आला, त्यात आमच्या शाळेपुढे गेल्या वर्षीचा निकाल 83.33 टक्के आणि यंदाचा 42.86 टक्के असे आकडे होते. 'एका वर्षात गुणवत्ता निम्म्यावर आली, याचा खुलासा करा,' असे मला सर्वांसमक्ष उभे करून विचारण्यात आले. मी उभा राहिलो, पण बोललो काहीच नाही. तुला सांगतो, गेल्या वर्षी आठवीत सहा मुले होती आणि त्यांतली पाच पात्र ठरली. यंदा सात होती, त्यांतली तीन पात्र ठरली. आमचा पहिली ते आठवीचा सगळा पट अडतीस आहे. अशा शाळेची टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत काढणाऱ्या माणसाला गणित येते असे म्हणावे की येत नाही असे म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तुमच्या शाळेत आठवीच्या दोन तुकड्या आहेत. तिथे एखादे मूल घसरले तर आकडा जागचा हलत नाही. इथे एक मूल म्हणजे चौदा टक्के.

हे चौदा टक्के कसे गेले, ते मी स्वतः शोधून काढले आहे.

आमच्याकडच्या आंबा बागांत नेपाळी राखणदार असतात, हे तू पाहिले आहेसच. त्यांतल्या एकाचा मुलगा गेली तीन वर्षे आमच्या शाळेत होता. दिवाळीनंतर कुटुंब बागेत येई आणि आंबा उतरला की पावसाच्या तोंडाशी गावी परते, त्यामुळे त्याचे वर्ष नेहमी अर्धेच. तो मराठी बोलतो ती मालवणी हेल काढून, अगदी इथल्या मुलांसारखी, पण छापील उतारा वाचताना त्याचे बोट ओळीवरून हलत नाही. 9 फेब्रुवारीला परीक्षा झाली. तुला ठाऊक आहेच, आठवीच्या परीक्षेत दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे 25 आणि बुद्धिमत्ता चाचणीचे 50. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, वेळ दीड तास, आणि पात्र ठरायला प्रत्येक पेपरात स्वतंत्रपणे 40 टक्के, म्हणजे दीडशेपैकी साठ गुण हवेत. या मुलाला दुसऱ्या पेपरात 96 गुण मिळाले. पहिल्यात 58.

एका प्रश्नाने गेला. उत्तरसूची आल्यावर त्याने प्रश्नपत्रिकेवर केलेल्या खुणा आम्ही दोघांनी एकेक करून ताडून पाहिल्या, तेव्हा गणिताच्या एका प्रश्नापाशी मी थांबलो. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही वर्तुळे रंगवली तरच गुण मिळतात. त्याने दोन्ही पर्याय बरोबर ओळखले होते, दोहोंवर पेन्सिलीने टिंबही दिले होते, पण उत्तरपत्रिकेवर वर्तुळ एकच रंगवले. का, असे विचारल्यावर म्हणाला, "सर, दोन रंगवले की चूक धरतात ना? पाचवीच्या मुलांना तुम्हीच सांगत होता."

मी सांगत होतो, हे खरे आहे. आमच्याकडे पाचवीची आणि आठवीची तयारी एकाच खोलीत, एकाच वेळी चालते. पाचवीला सांगितलेला नियम आठवीच्या कानावर पडला, आणि आठवीचा वेगळा नियम मी डिसेंबरात एकदाच सांगितला, त्या दिवशी हा मुलगा वर्गात होता की नाही हेही मला आठवत नाही. वर्षभर सराव घेतला तो वहीत उत्तरे लिहून. वर्तुळांची छापील उत्तरपत्रिका मुलांनी प्रत्यक्ष परीक्षेपूर्वी दोनदाच हाताळली, कारण झेरॉक्स काढायला बाजारात जावे लागते. ते एक वर्तुळ रंगवले असते तर सातांपैकी चार, म्हणजे 57.14 टक्के झाले असते आणि आमचा रकाना तांबड्याऐवजी पिवळा झाला असता. बैठकीत खुलासा मागितला तेव्हा हे सांगावे असे जिभेवर आले होते, पण त्यात माझी चूक आधी कबूल करावी लागली असती आणि तेवढे धैर्य झाले नाही. तुला लिहितो आहे.

परीक्षेने दाखवले ते सगळेच खोटे असे मात्र मी म्हणणार नाही, आणि इथे आपले दोघांचे मत जुळणार नाही, कारण तू पत्रात परीक्षाच नको असे लिहिले आहेस. उरलेली तीन मुले एका वर्तुळाने गेलेली नाहीत. त्यांना शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही. गुणाकार-भागाकार चोख येतात, पण प्रश्न दोन ओळींचा झाला की मुले पहिली संख्या आणि शेवटची संख्या उचलून काहीतरी करून मोकळी होतात.

जूनपासून आठवीत आलेल्या एका मुलीचे सांगतो. तिची आई मासळी विकते. सध्या 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असल्याने सुके बांगडे घेऊन बाजारात बसते आणि रविवारी मुलगीही सोबत असते. मागच्या आठवड्यात मी फळ्यावर लिहिले: 'एक्स व वाय समप्रमाणात आहेत. एक्स 8 असताना वाय 100 आहे, तर एक्स 20 असताना वाय किती?' तिने वही कोरी ठेवली. मधल्या सुट्टीत मी सहज विचारले, "शंभराला आठ बांगडे, तर गिऱ्हाइकाने वीस मागितले तर किती घेशील?" ती मान वर न करता म्हणाली, "अडीचशे. पण वीस घेतले तर आई दोन वर घालते." तेच उदाहरण होते. ती डब्यातला भात खात होती आणि मी तिच्यासमोर खुळ्यासारखा उभा होतो.

आपल्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल यंदाही राज्यात पहिला, 98.82 टक्के. 2012 साली विभागीय मंडळ स्वतंत्र झाल्यापासून हा मान दर वर्षी आपल्याकडेच आहे आणि मेमध्ये त्याचे फलक नाक्यानाक्यावर लागतात. मलाही अभिमान वाटतो, नाही असे नाही. पण त्या फलकाखालून जाताना हल्ली मला ती कोरी वही दिसते.

गेल्या डिसेंबरात तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांना कितपत येते हे पाहणारे जे देशव्यापी 'परख' सर्वेक्षण झाले, त्याबद्दल तू विचारले होतेस. ते नमुना सर्वेक्षण आहे, त्यातून जिल्ह्याचे चित्र कळते, एका शाळेचे किंवा एका मुलाचे नाही. असे असूनही त्याच्या आधी महिनाभर सगळीकडे सराव प्रश्नपत्रिकांचा मारा झाला. ताप मोजण्याआधी थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ठेवण्याचाच तो प्रकार होता. याहून अधिक त्यावर लिहीत नाही.

आता कामाचे. तुमच्याकडे आठवीला शाब्दिक उदाहरणांचा सराव कसा घेता, ते सविस्तर कळव. उदाहरण आधी मुलाच्या शब्दांत सांगायला लावायचे आणि मगच सोडवायचे, असे मी सोमवारपासून सुरू केले आहे, पण त्यात तासाला दोनच उदाहरणे होतात. तुमच्याकडच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शिल्लक असेल तर पन्नासेक पोस्टाने पाठव. पीडीएफ पाठवू नकोस, ती उघडायला मला छत्री घेऊन रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढावे लागते.

तो मुलगा मेअखेरीस गावी गेला. दिवाळीनंतर आला तर हायस्कुलात नववीला बसेल, आणि बागेकडे जाणारी वाट आमच्या शाळेवरूनच जाते. एका वर्तुळाचे त्याला मी सांगितले आहे. चूक कुणाची होती, ते अजून सांगायचे राहिले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
डी.एड.चा बाकसोबती