काका, बदकाची पिल्लं निघाली! मनापासून थँक्यू

काका, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्याकडे कोकणात बदकाची अंडी खुडूक कोंबडीखालीच ठेवायची पद्धत, मशीनमध्ये बदक कसं उबवायचं हे आजूबाजूला कोणालाच माहीत नव्हतं. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं, बदकाला २८ लागतात, आणि हे वाढीव दिवसच माणसाचा जीव खातात. तुम्ही नसता तर निम्मी अंडी मी घाबरूनच फेकली असती, खरंच.

सातव्या दिवशी रात्री लाइट बंद करून, टॉर्चला पुठ्ठ्याची नळी लावून, व्हिडिओ कॉलवर तुम्ही एकेक अंडं बघितलंत. मधे काळा ठिपका, त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, आणि तो ठिपका हलला!! काय वाटलं ते सांगताच येणार नाही. लाल रिंग दिसलेलं, म्हणजे आतला जीव मेलेलं अंडं तेव्हाच काढायला लावलंत, कारण असं अंडं सडून आत फुटलं तर बाकीच्यांचंही वाटोळं.

सगळ्यात मोलाचं म्हणजे पाण्याचं. सगळीकडे लिहिलेलं असतं ट्रे भरून ठेवा, पण तुम्ही म्हणालात पावसाळ्यात हवेतच एवढी ओल आहे, आधी अंड्यातली हवेची पोकळी बघ, पेन्सिलने खूण कर, ती वाढत नसेल तर पाणी कमी कर. हे कुठल्याच मशीनच्या कागदावर नसतं हो. २५व्या दिवसापासून मात्र अंडी फिरवणं बंद, पाणी वाढवायचं आणि झाकणाला हात लावायचा नाही.

आणि ती शेवटची रात्र! कवचाला पहिला तडा गेला, आतून चिवचिव येतेय आणि तासन् तास पुढे काहीच नाही. तुम्ही रात्री दोन वाजता फोन उचललात (काकूंनाही सॉरी आणि थँक्यू) आणि शांतपणे सांगितलंत की बदकाला तड्यानंतर दीड-दोन दिवसही लागतात, आतलं रक्त आणि बलक अजून पोटात जातंय, आता सोललंस तर रक्त जाऊन मरेल. थांबले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आपलं आपण गोल कवच कापून बाहेर आलं.

आता सगळी उथळ ताटलीत चोच बुडवून नुसता चिखल करतायत. थोडी मोठी झाली की एक जोडी तुमच्याकडे घेऊन येणार आहे, नाही म्हणायचं नाही.