‘गंभीर जखमी’ पुढे कुठे जातात?

संपादक महोदय,

अपघाताच्या बातमीत ‘दोन ठार, तीन गंभीर जखमी’ असे छापून येते. ठार झालेल्यांची नावे, वये दुसऱ्या दिवशी कळतात. त्या तिघांचे काय झाले, ते मात्र सहसा वाचायला मिळत नाही. मेंदूला जबर मार लागलेल्या रुग्णांची फिजिओथेरपी करणे हे माझे रोजचे काम, म्हणून त्या तिघांबद्दल लिहीत आहे.

जगभरात दरवर्षी सुमारे ६ कोटी ९० लाख लोकांच्या मेंदूला इजा होते, असा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. बहुतेकांची इजा सौम्य असते. तीव्र इजा झालेले साधारण ८ टक्के, म्हणजे ५५ लाखांच्या घरात. तीव्र कशाला म्हणायचे ते ग्लासगो कोमा स्केलवर (जीसीएस) ठरते. टीसडेल आणि जेनेट या मेंदूच्या शल्यचिकित्सकांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण असतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे तीव्र इजा. आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईकही लवकरच ‘आज जीसीएस किती?’ असे विचारू लागतात.

तीव्र इजा झालेले साधारण एक तृतीयांश रुग्ण दगावतात. वय जास्त असेल, रक्तदाब कोसळला असेल किंवा वाटेत ऑक्सिजन कमी पडला असेल, तर धोका आणखी वाढतो. पण जे तगतात त्यांच्याबद्दल पहिल्याच आठवड्यात ‘आता काही उपयोग नाही’ असे सांगून टाकणे चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीव्र इजेचे रुग्ण दोन आठवड्यांनी पाहिले, तेव्हा घरात काही तास एकटे राहता येईल इतपत सावरलेले जेमतेम १२ टक्के होते. वर्षाने तेच प्रमाण ५२ टक्के झाले. दोन आठवड्यांनंतरही ज्यांना भोवतालची कसलीच जाण नव्हती, त्यांच्यातलेही तीन चतुर्थांशांहून अधिक वर्षभरात शुद्धीवर आले. याउलट कॅनडातल्या सहा रुग्णालयांच्या २०११च्या अभ्यासात ७० टक्के मृत्यू कृत्रिम आधार काढून घेतल्यानंतरचे होते, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन दिवसांतले. काही रुग्णांसाठी तो निर्णय योग्यच असतो. पण तिसऱ्या दिवशी मेंदूची सूजसुद्धा उतरलेली नसते!

शुद्ध आली म्हणजे माणूस बरा झाला, असेही नाही. आधी डोळे उघडतात, मग नजर माणसामागे फिरू लागते, मग कधीतरी ‘दोन बोटे दाखव’ म्हटल्यावर दोन बोटे वर येतात. त्यानंतरही कित्येक आठवडे सकाळी भेटून गेलेला भाऊ संध्याकाळी आठवत नाही. डिस्चार्जच्या कागदावर जीसीएस १५ लिहिलेला एक तरुण माझ्याकडे येतो. चालतो, जिना चढतो, हाताची पकड पक्की आहे. पण ब्रश हातात दिला तर तो तसाच धरून बसतो. ‘आता दात घास’ म्हटले की लगेच घासतो. घरच्यांना वाटायचे, आळस करतोय. काम सुरू करण्याची प्रेरणा मेंदूच्या पुढच्या भागातून येते आणि मार तिथेच बसला आहे, हे त्यांना तोवर कुणी समजावलेच नव्हते. चिडचिड, संशय, विसरभोळेपणा, फिट्स यांनी घरे मेटाकुटीला येतात, नोकऱ्या जातात.

जीव वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेचीही ही बाजू कुटुंबाला आधी कळायला हवी. मेंदूवरचा दाब औषधांनी आटोक्यात येत नसताना कवटीचा भाग काढल्यास काय होते, याची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी आहे. सहा महिन्यांतले मृत्यू ४९ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आले, पण जाणीवशून्य अवस्थेत राहिलेल्यांचे प्रमाण २ वरून साडेआठ टक्क्यांवर गेले.

आपल्याला विनंती एवढीच, की एखाद्या मोठ्या अपघाताला वर्ष झाले की त्यातल्या गंभीर जखमींच्या घरी, त्यांची परवानगी घेऊन, आपला वार्ताहर पाठवा. पुनर्वसनाची सोय मिळाली का, किती महिने मिळाली, घरातल्या कुणाला काम सोडावे लागले, हे त्यांना विचारा आणि ठार झालेल्यांची बातमी ज्या पानावर आली होती त्याच पानावर छापा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट