४२ पैकी १०

आदरणीय सर,

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

मे महिना, सोलापूरचं ऊन, त्यात दुपारी लाइट गेलेली. माझ्या फिजिक्स प्रोजेक्टचं गणित आठ दिवस अडलं होतं. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, न्यूट्रॉनवर आदळला की ऋण पायॉन (ऋण भाराचा एक छोटा कण) आणि प्रोटॉन निघतात. फोटॉन आणि न्यूट्रॉनचे स्पिन (कणाची जणू अंगभूत गिरकी) एकदा एकाच दिशेला, एकदा उलट ठेवून पायॉन मोजायचे आणि फरकाला बेरजेनं भागायचं. कॉम्प्युटरवर नकली डेटा बनवताना ध्रुवीकरण पूर्ण धरलं, म्हणजे वळू शकणारे सगळे स्पिन वळलेले, उत्तर ०.६ घातलं, विश्लेषणातून निघत होतं ०.१४. रडायचाच बाकी होतो.

तुमच्याकडे आलो तो खरं तर तुमच्या जिन्यात गारवा असतो म्हणून. तुम्ही विचारलंत, "आदळतो कशावर?" मी ऐटीत सांगितलं की सुटा न्यूट्रॉन सरासरी १५ मिनिटांतच संपतो, त्याचं लक्ष्य करता येत नाही. मग ड्युटेरियममधला, म्हणजे केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त असलेल्या जड हायड्रोजनमधला न्यूट्रॉन घ्यायचा. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं ब्यूटेनॉल (एक अल्कोहोल) गोठवून त्याचे स्पिन एका बाजूला वळवायचे.

"तुझं फिजिक्स मला कळत नाही, पण ब्यूटेनॉल माझ्या ओळखीचं आहे," म्हणालात आणि शेंगा चटणी बांधून आलेल्या कागदावर लिहायला लागलात. कार्बन ४, न्यूट्रॉन २४. ऑक्सिजन १, न्यूट्रॉन ८. ड्युटेरियम १०, न्यूट्रॉन १०. पेन्सिल थांबली. "४२ झाले. यातले वळतात किती?"

दहाच! कार्बन-१२ आणि ऑक्सिजन-१६ यांच्या केंद्रकाला स्पिनच नाही, ते वळणार कुठून? त्यांचे ३२ न्यूट्रॉन बेरीज फुगवतात, फरकात मात्र काहीच घालत नाहीत. ०.६ गुणिले १०, भागिले ४२. कागदाच्या तेलकट कोपऱ्यात ०.१४३ उमटलं. लक्ष्यात कार्बन मीच घातला होता आणि हिशेबात मीच विसरलो होतो.

वर तुम्ही सहज विचारलंत, "मग नुसत्या कार्बनवर वेगळं मोजून वजा करत नाहीत का?" जर्मनीत माइन्झला अगदी हेच करतात, कार्बनच्या फोमवर. हे मी वाचलं होतं, सर. वाचून पान उलटलं होतं.

प्रोजेक्ट गेल्या आठवड्यात जमा केला. आभाराच्या पानावरचं तुमचं नाव "केमिस्ट्रीवाल्याचं तिथं काय काम" म्हणून तुम्ही काढायला लावलंत, काढलं. तो कागद मात्र वहीत तसाच आहे. वही उघडली की अजून लसणाचा वास येतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा