मित्रातली वेलांटी

कोल्हापूर,
विसर्जनानंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू माझ्या टी-शर्ट छपाईच्या धंद्याबद्दल विचारलंस, "मशीन केवढ्याला बसलं?" आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून मी फोन ठेवला. रागावला नसशील. तसंही ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं.

मशीन म्हणशील तर माझ्याकडे फक्त एक हीट प्रेस आहे, १८ हजारांची. वरचा तापलेला तवा खाली दाबायचा, बस्स. छापायचं मशीन माझं नाहीच! डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापणारा, प्रिंटर घ्यायला निघालो होतो, कोटेशनसुद्धा आणलं होतं. पण ज्याच्याकडे मशीन बघायला गेलो, तो माणूस सरळ निघाला. म्हणाला, ह्यातली पांढरी शाई जड असते, रोज चालवली नाही तर तळाशी बसते आणि हेडची छिद्रं बुजतात. गणपतीत काम उतू जाईल, पण पितृपंधरवड्यात काय छापणार? त्यापेक्षा माझ्याकडून मीटरवर छापून ने. तेच करतो. डिझाइन पाठवलं की तो फिल्मवर छापतो, मागे डिंकाची पावडर भाजून देतो, आणि मी घरी टी-शर्टवर ठेवून १५०-१६० अंशांवर १५ सेकंद दाबतो. फिल्म सोलली की चित्र कापडावर. पहिल्या दिवशी आई बघत उभी होती. म्हणाली, "एवढंच?"

एवढंच नाही ना, लेका. २२ इंच रुंदीच्या एका मीटरमध्ये पाठीवरची ए-फोर मापाची, आडवी-उभी लावून, सात चित्रं बसतात, आणि मधल्या फटींत छातीवरचे छोटे लोगो कोंबायचे. एसटीत सीट धरल्यासारखं. माझा नफा त्या फटींत आहे. टी-शर्ट तिरुपूरचा, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं कापड), बायोवॉश. म्हणजे कापडावरची लव एन्झाइमनं खाऊन टाकलेली असते, त्यामुळे छपाई गुळगुळीत बसते. तो १४५ ला पडतो, छपाई-बिपाई धरून २००, आणि मंडळाला २४० ला देतो. एक शर्ट बिघडला की पुढचे पाच फुकट छापले समज.

शंभराच्या वर नग आणि एकच रंग असेल तर मात्र जाळीतून शाई ओढायचं स्क्रीन प्रिंटिंगच स्वस्त पडतं. एका लग्नपत्रिकावाल्या काकांकडे दोन महिने शिकलो: फ्रेमला जाळी ताणायची, इमल्शन (उजेडानं घट्ट होणारा लेप) लावायचं, उजेड दाखवायचा, मग स्क्वीजी, म्हणजे रबरी पट्टी, ओढायची. माझी पहिली ओढ वाकडी गेली, तर काका म्हणाले, "भाकरी थापतोयस काय?" फुटबॉलच्या जर्सीचं शास्त्र आणखी वेगळं. ती पॉलिस्टरची, तिथं सब्लिमेशन. शाईचा वायू होऊन धाग्यात शिरतो, म्हणून हाताला छपाई लागतच नाही. पण सुती शर्टवर तेच केलंस तर एका धुण्यात गायब. शाहू स्टेडियमवरचा सीझन सुरू झाला की पेठेतली पोरं नाव-नंबर घालायला येतात. खेळणारे अकरा, पण जर्सी साठ!

आबांचं सांगायचं राहिलं. प्रेस ठेवायला त्यांचं शिलाई मशीन खिडकीतून हलवलं, तेव्हा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "तयार कापडावर चित्र चिकटवणं हा काय धंदा?" पण दुसऱ्याच ऑर्डरीत मापांचा घोळ झाला. एका कंपनीचा एल ४० इंची, दुसऱ्याचा ४२, आणि मंडळातला प्रत्येक पोरगा स्वतःला मीडियम समजतो. पंधरा शर्ट परत आले. आबांनी काही न बोलता पाच मापांचे पाच कोरे शर्ट खुंट्यांना टांगले. आता येईल त्यानं घालून बघायचं, मग यादीत नाव. आबा तर लांबूनच छाती बघून सांगतात, "ह्याला डबल एक्सेल लिही." पोरगं लाजतं, पण माप बरोबर निघतं.

आता खरी गोष्ट. आगमनाच्या आदल्या रात्री एका मंडळाचे ६४ शर्ट होते. मजकूर त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला, मी तो माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला. त्याला फोनवर टाइप होतं ते युनिकोड मराठी जुळवता येत नाही. 'मित्र'मधली वेलांटी 'म' सोडून 'त'वर जाऊन बसली, 'त्र'चा पाय मोडला, आणि 'र' एकटा पडला. मी रंग तपासला, मध्य तपासला, शाईची चमक तपासली. वाचलं मात्र नाही. म्हणजे वाचलं, पण जे असायला हवं तेच वाचलं. ६४ पाठींवर 'मतिर मंडळ'! सकाळी न्यायला आलेल्या पोरानं एक शर्ट उलगडला आणि मोठ्यानं वाचला. अजून कानात आहे.

डीटीएफ एकदा चिकटलं की सहज निघत नाही. शेवटी त्यावर सबंध भगवा पट्टा आणि त्यात बरोबर नाव, असं दुपारपर्यंत छापून आणलं आणि पुन्हा दाबलं. पाठीवर रेक्झिन शिवल्यासारखं झालं. महाद्वार रोडवर पोरं घामानं भिजली, पण शिवी एकानंच दिली. राहिलेले पैसे मी मागितले नाहीत. त्यांनी दिलेही नाहीत.

तेव्हापासून निम्मे पैसे आधी, आणि मजकूर कागदावर छापून मंडळाच्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घेतो, मग खाली सही. लोक हसतात. हसू देत.

म्हणून तुझी आठवण येते. शाळेच्या फळ्यावर तू सुविचार लिहायचास तेव्हा गुरुजी आठ-आठ दिवस तो पुसू द्यायचे नाहीत. इथं सगळ्यांच्या पाठीवर त्याच चार फॉन्टांतली अक्षरं फिरतायत. तू कटनिबनं कागदावर लिही, फोटो नीट उजेडात काढून पाठव, पुढचं मी करतो. चित्र म्हणून गेलं की वेलांटी हलायचा प्रश्नच नाही. नगामागे पाच रुपये तुझे. दोस्तीत फुकट मागणार नाही, कारण मग तू सवडीनं देशील, आणि शिवजयंती १९ फेब्रुवारीच्या पुढे सरकत नाही.

तुझ्याकडून घेतलेल्या २५ हजारांतले १० हजार आज टाकलेत. बाकी फुटबॉलवर.

सोबत दोन शर्ट आहेत. काळा तुझ्यासाठी, एल. आबा म्हणाले एक्सेल पाठव, पण मी तुझी बाजू घेतली. उलटा करून धू, छपाईवर थेट इस्त्री नको. दुसरा त्या ६४ बरोबर छापलेला जास्तीचा, पट्टा न लावलेला. वहिनींना आधी वाचायला दे, बघू किती वेळात लक्षात येतं.

तुझा,
मतिर