हीटरला हात लावला आणि तुझे बाबा आठवले

प्रिय मन्या,

आठ महिने झाले, माहितीये मला. फोन मीच आपटला होता म्हणजे करायचाही मीच होता, पण लाज वाटत होती आणि मग ती वाटता वाटता सवयच झाली. तब्येत बरी, गुडघा तसाच, आईचं बीपी गोळ्यांवर ठीक. झालं.

काल मी तुझे बाबा झालो. हसू नकोस लेका.

संध्याकाळी घरी आलो तर आई खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली, हीटर बंद. मी बूटसुद्धा न काढता आधी जाऊन हीटरला हात लावला. गरम! म्हणजे माझ्या किल्लीचा आवाज ऐकून तिने बंद केला होता. बाबा बाहेरून आले की बल्बला बोट लावून बघायचे आणि आपण दोघं पुस्तकात तोंड खुपसून बसायचो, ते डोळ्यासमोर आलं आणि हात तिथेच राहिला माझा.

ही वेळ बिलाने आणली. पहिलं बिल आलं आणि मी पाच मिनिटं नुसता आकड्याकडे बघत बसलो. मग तो 'वीज वाचवणारा' महागडा हीटर आणला, त्यावरून आपलं वाजलं. तू म्हणालास कॉइलचा घे, ऑइलचा घे, पंख्याचा घे, एक युनिट टाकलं की एका युनिटचीच उष्णता मिळणार, वाचवणार काय डोंबल. मी म्हणालो तू फार शहाणा. तर ऐक, परवा रात्री घरातलं सगळं बंद केलं, फक्त नवा हीटर चालू ठेवला आणि टॉर्च घेऊन मीटरसमोर उकिडवा बसलो. आमच्या मीटरचा लाल दिवा एका युनिटला १००० वेळा लुकलुकतो. दर पावणेदोन-दोन सेकंदांनी एकदा, म्हणजे साधारण २००० वॅट. मग जुना लावला, तोही २०००चाच, तीच लय. तू जिंकलास. बंड्याला सांगू नकोस, तो वर्षभर पुरवेल.

दिवसाला ८ तास म्हणजे १६ युनिटं, महिन्याला ४८०. हे एकदा डोक्यात बसलं आणि माझं डोकंच फिरलं. थर्मोस्टॅट खाली, अजून खाली. हिशोब तर बरोबरच होता, तूच शिकवलेला: बाहेर ७ अंश आणि आत २२ असेल तर फरक १५चा, आत २० केलं की १३चा, म्हणजे उष्णता जाते तीही साधारण तेरा टक्क्यांनी कमी. रिकाम्या खोलीतला हीटर बंद, पडदे अंधार पडायच्या आत ओढलेले. आणि बाहेरच्या दाराखालची फट, पट्टीने मोजली मी, ४ मिलिमीटर. काहीच नाही वाटत ना? पण दार ८० सेंटिमीटर रुंद, गुणाकार केला तर चहाच्या कपाच्या तोंडाएवढं भोक, थंडीभर उघडं! जुना टॉवेल गुंडाळून लावला तर रात्री पायाला लागणारा गार वारा खरंच थांबला. इतका खूश झालो की आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान."

ते 'छान' तेव्हा कळायला हवं होतं. काल तिच्या खुर्चीजवळ थर्मामीटर ठेवला, साडेपंधरा. जागतिक आरोग्य संघटना निदान १८ म्हणते आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहून जास्त लागू शकतं, आणि मी मीटरचा दिवा मोजतोय. तिला काही बोललो नव्हतो रे मी, शपथ. फक्त दोनदा "हा कशाला चालू आहे?" असं विचारलं. तुझे बाबा तरी याहून काय जास्त बोलायचे?

आता सांगतो आणि शिव्या खातो. मागे एकदा तू विचारलं होतंस, भिंतीवरच्या एसीच्या रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे का. मी म्हणालो होतो विषय बदलू नकोस. आहे रे, चार वर्षं आहे! काल रात्री फिल्टर धुऊन लावला. बाहेरची उष्णता ओढून आत आणतो म्हणून एका युनिटला तीनेक युनिटांची ऊब मिळते, बाहेर फार गारठलं तर कमी, पण कॉइलपेक्षा बरीच. शिवाय तिच्या मांडीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट, शंभरेक वॅटचं. खोली तापवणाऱ्या त्या हीटरच्या विसावा हिस्सा वीज आणि तिचे पाय गरम. अर्थात ते वरून, एसी बंद करून नाही.

एवढं सगळं केलं आणि आज दुपारी मुद्दाम लवकर आलो तर एसी बंद. म्हणे, "मला नाही वाटत थंडी." हात बर्फासारखे. सेटिंग जमलं, पण तिने धास्ती घेतलीये ती कुठल्या बटणाने घालवू? बाबांच्या शेवटच्या वर्षात तूच रोज दिवे लावून ठेवायचास ना सगळ्या खोल्यांत, आणि ते काही बोलायचे नाहीत. ते कसं जमवलंस ते सांग.

नवं घर झालं असेल, वहिनींची बदली झाली का, पोरगी चालायला लागली म्हणे. सगळं फोनवर ऐकतो. रविवारी कर, पण आईच्या नंबरवर. तुझं ऐकते ती. आणि बोलता बोलता विचार एसी चालू आहे का, माझं नाव न घेता.

तुझा,
पम्या